कोनला मिळालेली गाडी

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

"सर, तुम्हाला पाहिजे तशी गाडी कोनला उभी आहे. पण उद्याच या. भंगारवाला वजनाचा अंदाज घेऊन गेलाय."

ओळखीच्या मेस्त्रींचा हा फोन आला तेव्हा मी जुन्या ट्रेलरचा नाद सोडून द्यायच्या बेतात होतो. इतिहास शिकवण्यात उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर आपल्या जुन्या जीपमागे एखादा तितकाच जुना ट्रेलर जोडावा, त्यात अंथरूण, स्टोव्ह आणि दोन डबे टाकावेत आणि सौभाग्यवतींना घेऊन नाणेघाटापासून नळदुर्गापर्यंत हिंडावे, असे मनात होते. त्यासाठी दोन वर्षे वणवण केली. एका बंगल्याच्या आवारात विलायती धर्तीचा घरासारखा ट्रेलर पाहिला. बाहेरून राजेशाही होता, पण आतल्या प्लायवूडला बोट लावले तर बोट आरपार गेले. वाळवीने नुसता रंग शिल्लक ठेवला होता. दुसऱ्या ठिकाणी 'मिलिटरीचा अस्सल' म्हणून दाखवलेली वस्तू उसाची ट्रॉली निघाली. तिसऱ्या ठिकाणी मी पाच हजार रुपये विसार देऊन आलो. पुढच्या आठवड्यात गेलो तर ना ट्रेलर, ना विसार घेणारा. घरी या प्रकरणाला 'पाच हजारी मनसब' असे नाव पडले आहे.

कोन म्हटल्यावर पुष्कळांना पनवेलजवळचे कोन आठवते. हे ते नव्हे. कल्याणहून भिवंडीकडे निघालात की दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी पूल लागतो. पुलाखाली उल्हास नदीची खाडी आहे. पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातले कोनगाव. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ झाला, हे शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. आज त्या काठाने ट्रक, टेम्पो, कंटेनर आणि गोदामे यांचे राज्य आहे. जुनी गाडी शोधणाऱ्याने अशाच गावी जावे. जिथे गाड्या राबतात तिथेच त्या म्हाताऱ्या होतात, आणि जिथे गॅरेज तिथे मागच्या बाजूला अडगळ ही आलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो. एका घराच्या मागे, शेवग्याखाली, निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीत काहीतरी झाकलेले होते. घरमालक पन्नाशीच्या पुढचे, स्वतःचा टेम्पो चालवणारे. त्यांनी ताडपत्री ओढली. खाली दोन चाकांचा, लोखंडी पत्र्याचा, फार तर पुरुषभर लांबीचा एक हौदा होता. त्यात कोंबड्यांची खुराडी आणि फुटक्या कुंड्या होत्या.

"हाच?" मी विचारले.

"हाच. किंमत पस्तीस हजार. भंगारवाला तीस रुपये किलोनं साडेसात हजार म्हणतो."

पस्तीस हजार ऐकून मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिले आणि मी पत्र्याकडे. तो पत्रा मी चित्रात अनेकदा पाहिला होता.

इथे मला तुम्हाला थोडे मागे न्यावे लागेल. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती, आणि नमुना एकोणपन्नास दिवसांत हवा होता. पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या लहानशा कारखान्याने तो दिला. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. हीच पुढे जगभर 'जीप' म्हणून ओळखली गेली. पण हजारोंच्या संख्येने गाड्या पुरवणे छोट्या बँटमला झेपणार नाही असे ठरले आणि मोठी कंत्राटे विलीज आणि फोर्ड या बड्या कंपन्यांना गेली. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांच्या वर जीपगाड्या तयार झाल्या. त्यांत बँटमच्या तीन हजारही नव्हत्या. ज्याने पोर जन्माला घातले त्याच्या वाट्याला त्या पोरामागे ओढायचा गाडा आला, कारण बँटमला काम मिळाले ते जीपच्या ट्रेलरचे!

पण तो गाडा त्यांनी झकास केला. रिकाम्याचे वजन साधारण अडीचशे किलो. कच्च्या वाटेवर पाचशे पौंड, पक्क्या सडकेवर हजार पौंड माल. चाके जीपचीच, म्हणजे एकाचे पंक्चर झाले तर दुसऱ्याचे काढून लावता यावे. आणि हौदा पाणी शिरू नये असा बंद. नदी आडवी आली तर जीपमागून ट्रेलर तरंगत जायचा. आता पाणी शिरत नाही म्हणजे पावसाचे पडलेले पाणी बाहेरही जात नाही. म्हणून तळाला दोन बुचे ठेवली होती. मागे उघडणारे फळके लष्करी ट्रेलरला नव्हते. ते आले युद्धानंतर, शेतकऱ्यांसाठी केलेल्या ट्रेलरला.

मी खुराडी बाजूला करायला लावली आणि गुडघ्यावर बसलो. मागे फळके नव्हते. पुढच्या दांड्याला जाड लोखंडी कडे होते. तळाशी मातीत हात घातला तर एक बूच हाताला लागले, आणि पलीकडे दुसरे. नावाची पट्टी मात्र कधीच निघून गेली होती, रिव्हेटची भोके तेवढी राहिली होती. त्यामुळे बँटम की विलीज हे मी सांगू शकणार नाही. विलीजनेही असे ट्रेलर केले. पण युद्धातला, जीपचा, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

"त्याला आम्ही मोरी म्हणायचो," मालक बुचाकडे बोट दाखवत म्हणाले. "धुतल्यावर काढायची."

असा ट्रेलर खाडीकाठी यावा यात नवल नाही. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, सैनिक पांगले, बराकी ओस पडल्या. मग १९४७ आले. सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. जुनी माणसे अजूनही 'कॅम्प' म्हणतात. तंबू, खाटा, मोटारी, ट्रेलर असे युद्धातले उरलेले सामान तेव्हा देशभर सरकारी लिलावात निघत होते. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द मराठीत तेव्हा जो आला तो मुक्कामालाच राहिला. ज्या सरकारी खात्याच्या नावात 'डिस्पोजल' होते ते २०१७ साली बंद झाले, पण जुन्या बाजारात शब्द चालतोच. आमच्या वडिलांचा डिस्पोजलचा ओव्हरकोट मी कॉलेजात असताना घातलेला आहे. त्याला तीन माणसे मावली असती.

मालकांच्या वडिलांनी हा ट्रेलर १९६२च्या सुमारास उल्हासनगरातल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून, जीपसकट, हप्त्याने घेतला होता. व्यापारी निर्वासित, माल युद्धातला आणि गिऱ्हाईक कोनचे. एका सौद्यात केवढा इतिहास!

जुनी वाहने घेऊन ती नीट करून वापरण्याचा प्रयोग, बरे का, खुद्द भारत सरकारनेही केला होता. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी जीपगाड्यांची निकड होती. लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी सुमारे ऐंशी लाख रुपयांचा व्यवहार केला. ठरल्या होत्या दोन हजार दुरुस्त केलेल्या जुन्या जीप. आल्या एकशे पंचावन्न, आणि त्याही चालवण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला हा पहिला गाजलेला घोटाळा. १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले आणि १९५६ साली मेनन मंत्रिमंडळात आले. माझे पाच हजार गेले तेव्हा मी या एकशे पंचावन्न जीपांची आठवण काढून मनाचे समाधान करून घेत असे.

आता हौसेखातर गाडीत घर थाटण्याची कल्पना कुठून आली तेही सांगतो. इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक गृहस्थ होते. नौदलातले निवृत्त डॉक्टर. त्यांनी १८८५च्या सुमारास ब्रिस्टलच्या कारखान्यात घोड्यांनी ओढायचे एक घर बांधून घेतले, त्याचे नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. नोकरचाकर, पोपट आणि कुत्रा घेऊन साहेब देशभर हिंडले आणि त्यावर पुस्तक लिहिले. तोवर चाकांवर राहणे हे जिप्सींचे, म्हणजे नाइलाजाचे काम समजत. डॉक्टरांनी त्याची चैन केली. पुढे १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एक्लेस कंपनीने मोटारीमागे ओढायची घरे विकायला काढली आणि हा शौक मध्यमवर्गात उतरला.

या घराला इंग्रज म्हणतात 'कॅराव्हॅन', आणि तो शब्द आहे फारसी 'कारवान'. त्याच्याच शेपटीपासून 'व्हॅन' झाली. म्हणजे आपल्या शाळेची व्हॅन आणि वाळवंटातला उंटांचा काफिला सख्खी भावंडे. आपल्याकडे हे काम लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर केले. त्याही आधी, सातवाहनांच्या काळात, कल्याण हे भरभराटीचे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरला चढे. कल्याण-मुरबाड-माळशेज या वाटेने एसटीतून जाताना मी मुलांना हे सांगत असे. मुले खिडकीबाहेर धबधबे पाहत.

आणि ज्या ट्रेलरपुढे मी गुडघे टेकून बसलो होतो तो नेमका त्याच वाटेने वर्षानुवर्षे गेला होता!

मालकांचे वडील टुरिंग टॉकीजवाले. आधी एका तंबूत ऑपरेटर, मग स्वतःचा छोटा धंदा. जीपमध्ये माणसे आणि फिल्मचे डबे, मागे ट्रेलरमध्ये जनरेटर, पडदा, तंबूचे बांबू. ही परंपराही जुनी आहे. सुरतचे अब्दुलअली युसुफअली विसाव्या शतकाच्या आरंभी तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन आशियाभर फिरले, हजार माणसे बसतील एवढा त्यांचा तंबू होता. महाराष्ट्रात तर जत्रा आणि तंबूतला सिनेमा यांची जोडी साठ-सत्तर वर्षे टिकली. देवाचे दर्शन, बैलांचा बाजार, तमाशा आणि सिनेमा, याच क्रमाने असे मी म्हणणार नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या सिनेमावाल्यांमागे वर्षानुवर्षे हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. तोवर प्रोजेक्टर भंगारात निघू लागले होते.

मी हे सगळे ऐकत असताना दारातून एक वृद्ध बाई आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ. मालकांच्या आई.

"भंगारात नको देऊ म्हणलं होतं मी," त्या मुलाला म्हणाल्या.

"भंगारात नाय देत, आई. हे सर घेतात. नीट करणार हायेत."

मी म्हटले, "मावशी, अजून ठरलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ट्रेलरच्या कडेवर हात ठेवून म्हणाल्या, "हा यातच झाला."

मला आधी उमगेना. मग मालकच संकोचून म्हणाले, "माझा जन्म यातला, सर. पौष महिना होता, म्हशाच्या जत्रेला निघाले होते. मुरबाडच्या पुढं आईला कळा सुरू झाल्या. सामान रस्त्यावर उतरवलं, पडदा अंथरला. एक लमाणीण वाटेनं जात होती, तिनं सोडवलं."

म्हसे हे मुरबाड तालुक्यातले गाव. पौषी पौर्णिमेला तिथे खांबलिंगेश्वराची, लोक ज्याला म्हसोबा म्हणतात त्याची जत्रा भरते, आणि तिथला बैलबाजार आसपासच्या जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. सिनेमाचा पांढरा पडदा त्या रात्री धुऊन पुन्हा लावला होता, असे मावशी म्हणाल्या. "डाग ऱ्हायला थोडा. कोणाला दिसतोय अंधारात."

मग विकताय कशाला, असे विचारायचे माझ्या तोंडावर आले होते. पण तेवढ्यात मालकांनीच सांगितले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फीचा दुसरा हप्ता भरायचा होता. आकडा पस्तीस हजारांच्या आसपास. एवढे कळल्यावर मी घासाघीस केली नाही. मेस्त्रींना हे आवडले नाही. परत येताना पुलावर ते म्हणाले, "सर, अठ्ठावीसला दिला असता त्यानं." दिला असता, खरे आहे.

पण घेण्यापूर्वी बघायचे ते सगळे आम्ही बघितले. जुना ट्रेलर घेऊ इच्छिणाऱ्या श्रोत्यांसाठी एवढे सांगतो की रंग पाहू नका, खाली वाका. ओढायचा दांडा जिथे सांगाड्याला मिळतो तिथे चीर असते. आमच्याला होती, कोणीतरी जुना रेल्वेचा असावा असा जाड तुकडा वेल्ड करून ठेवला होता. चाक वर उचलून फिरवा आणि हलवून पाहा, बेरिंग खरखरले तर समजते. पाटे मोजा, मधला मोडलेला असतो. तळाचा पत्रा हातोडीच्या दांड्याने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत गंज आहे. आणि कागद मागा.

कागदांचे मात्र विलक्षण झाले. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही 'मोटार वाहन'च आहे, त्याला मोटार नसली तरी! म्हणजे त्याची वेगळी नोंदणी हवी. मालकांकडे वडिलांच्या वेळचे एक पिवळे पुस्तक होते, त्यातली जीप केव्हाच मोडीत गेलेली आणि ट्रेलरच्या पानाला कसर लागलेली. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या जुन्या वाहनांसाठी खास नियम केले, 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर दिला. मी आनंदाने ते वाचायला घेतले. पण ते नियम दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत. माझा ट्रेलर दोन चाकांचा असला तरी तो काही त्या अर्थाने दुचाकी नव्हे. त्याच वर्षी महाराष्ट्राचे कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आले, पण ते नव्या, सोयींनी भरलेल्या गाड्यांसाठी. तेव्हा सध्या माझा ट्रेलर रस्त्यावर ओढायचा नाही. सौ. म्हणाल्या, "मग आपण अंगणातच पर्यटन करू."

तो आला तोही टेम्पोत चढून. मालकांनी स्वतःच्या टेम्पोत घालून आणला, भाडे घेतले नाही.

दुरुस्तीला लागलो तेव्हा खरी पंचाईत उभी राहिली. वरचा निळा रंग मी ब्लेडने हलके खरवडला. निळ्याखाली पिवळा निघाला, आणि पिवळ्यावर तांबड्या अक्षरांत 'टुरिंग टॉकीज'. त्याआधीचे नाव पोपड्यांबरोबर गेले होते. पिवळ्याखाली लाल प्रायमर आणि त्याच्याखाली, अगदी पत्र्याला चिकटून, लष्कराचा मळकट हिरवा. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा दंडक असा की वस्तू कारखान्यातून निघाली तशी करायची. एक जाणकार स्नेही पाहायला आले आणि म्हणाले, "सगळा घासून काढा. ऑलिव्ह ग्रीन मारा, वर पांढरा तारा काढा. फोटो बघत राहतील लोक."

मी आठवडाभर विचार केला. ट्रेलर लष्करात राहिला असेल चार-पाच वर्षे. जत्रांमधून फिरला तीस. आणि हिरवा रंग मारला तर तो माणूस ज्यात जन्मला ती गाडी उरत नाही, अमेरिकेतल्या एखाद्या संग्रहालयात असते तसली एक उरते. स्नेह्यांना राग येईल, पण मला वाटते 'मूळ रूप' या शब्दाचा आपण फार बाऊ करतो. देवळांवरचे ऑइल पेंट काढा असे सांगत मीच आयुष्यभर हिंडलो आहे, हेही कबूल करतो. तिथे खालची कोरीव कामे गुदमरतात म्हणून. इथे खाली काय गुदमरत होते? एक हिरवा रंग.

शेवटी निळा काढला आणि पिवळा ठेवला, अक्षरांसकट. आतला तळ तेवढा घासून गंजरोधक मारला, दांड्याची चीर नीट वेल्ड करून घेतली, बेरिंगे बदलली, पाटे कमानीसारखे पुन्हा बसवून आणले. रेल्वेचा तुकडा काढला नाही. मेस्त्री म्हणाले, राहू द्या, तो आता सांगाड्याचाच झालाय. खर्च ट्रेलरच्या किमतीएवढाच झाला, घरी थोडा कमी सांगितला आहे. आता इथून उघड झाला म्हणायचा.

मावशी आणि त्यांचे चिरंजीव एकदा पाहायला आले. मावशींनी अक्षरांवरून बोट फिरवले. त्यांना वाचता येत नाही. "हे त्यांनी स्वतः रंगवलं होतं," म्हणाल्या, "ट काढायला अर्धा दिवस लागला." चहा झाला. नातीचे पहिले वर्ष पार पडले असे कळले.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. रात्रभर कोसळला. सकाळी अंगणात गेलो तर ट्रेलर काठोकाठ भरलेला, वर शेजारच्या आंब्याची पाने तरंगत होती. ऐंशी वर्षांची बुचे, एक थेंब खाली गळत नव्हता. आणि ती निघेनात! रंगकामात आम्हीच ती इतकी घट्ट केली होती. पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून मी पान्याने झटत होतो, सौ. बादलीने पाणी उपसून झाडांना घालत होत्या. शेवटी कोनला फोन लावला.

"उलटं फिरवताय, सर," पलीकडून हसू आले. "मोरी डावीकडनं सुटत नाय. उजवीकडं फिरवा."

उजवीकडे फिरवली.